वाचकांचे प्रश्न : डिझाइनची वही आणि गावातला उन्हाळा

प्रश्न : मी पुण्यात डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टीसाठी पवनी तालुक्यातल्या आमच्या गावी आले आहे. फॅशन, सिनेमा आणि संगीत यांत सुट्टीभर काय पाहिले, काय ऐकले आणि त्यातून काय सुचले, याची सचित्र वही महाविद्यालय उघडताच सादर करायची आहे. माझ्या मैत्रिणी मुंबईत डिझायनरांकडे उमेदवारी करत आहेत, मैफलींना आणि चित्रपटांना जात आहेत. आमच्या गावात चित्रपटगृह नाही, कापड घ्यायचे तर आठवडी बाजार, दुपारी वीज जाते आणि नेटवर्कसाठी गच्चीवर चढावे लागते. त्यातच मे महिन्यात चुलत बहिणीचे लग्न असल्याने निम्मी सुट्टी घरकामात जाणार. तिन्ही विषय आवडतात म्हणजे एकाकडेही धड लक्ष नाही, असे एका शिक्षकांनी सुनावले आहे. मी या वहीत काय भरावे?
— एक विद्यार्थिनी, जि. भंडारा

उत्तर : जी अडचण तुम्ही जवळजवळ शेवटी आणि थोड्या वैतागाने सांगितली आहे, त्या लग्नाचीच वही करा. कापड, चित्रीकरण आणि वाजंत्री या तिन्ही गोष्टी एकाच घरात, त्याच माणसांच्या पैशातून आणि वादावादीतून ठरताना पाहायला मिळतील, अशी जागा मुंबईत तुमच्या मैत्रिणींना सहज सापडणार नाही. कारण तिथे त्या बाहेरच्या आहेत आणि इथे साडी ठरताना, बँडवाल्याला विसार देताना आणि व्हिडिओवाल्याशी घासाघीस होताना तुम्ही ओसरीवर बसलेल्या असणार आहात. शिक्षकांच्या शेऱ्याचे म्हणाल, तर एका प्रकरणात आवडते डिझायनर, दुसऱ्यात आवडते चित्रपट आणि तिसऱ्यात गाण्यांची यादी अशी वही केलीत, तर त्यांचे म्हणणे खरे ठरेल. लग्नाची वही तिन्ही अंगांनी लिहिलीत, तर ही तक्रार त्यांना पुन्हा करता येणार नाही.

सुरुवात कापडापासून करा, कारण त्या बाबतीत तुमचा जिल्हा श्रीमंत आहे. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी, आंधळगाव आणि तुमच्या पवनीकडच्या विणकरांनी टसर रेशमाची, म्हणजे आपल्याकडच्या कोशाच्या कापडाची, परंपरा सांभाळली आहे आणि करवतीच्या दात्यांसारखे काठ असलेल्या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. घरातल्या एखाद्या आजीच्या पेटीत अशी साडी असण्याची शक्यता बरीच आहे. ती तिच्या परवानगीने आणि तिच्याच हाताने बाहेर काढून घ्या, खाटेवर पसरा आणि काठ जिथे अंगाला, म्हणजे साडीच्या मधल्या भागाला, मिळतो तिथे नजर अगदी जवळ नेऊन पाहा. काठाचे आडवे सूत अंगात शिरत नाही. ते सीमेवर अंगाच्या सुताला अडकून मागे वळते. हे तीन धोट्यांचे, म्हणजे आडवे सूत इकडून तिकडे नेणाऱ्या तीन साधनांचे, काम आहे : दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. दर ओळीला तिन्ही धोटे फिरवावे लागत असल्याने दिवसभरात किती कापड उतरते आणि साडीची किंमत तशी का असते, हे तुम्हाला मागापाशी एक सकाळ बसल्यावर कळेल. साडीची उलटी बाजूही पाहा. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम बहुधा घडीच्या रेषेवरच विरते. तुमच्या आजीची साडी कुठे विरली आहे याची साधी आकृती काढलीत, तरी ती कशी ठेवली गेली आणि किती वेळा नेसली गेली याचा अंदाज येतो. अशी एक आकृती वहीच्या एका पानाला पुरते.

विणकराकडे जाल तेव्हा एक भान असू द्या. त्यांची मजुरी नगावर असते, त्यामुळे तुमच्याशी बोलण्यात गेलेला तास त्यांच्या कमाईतून जातो. माग थांबवून प्रश्न विचारू नका, धोट्यातली सुताची कांडी बदलताना किंवा जेवणाच्या वेळी विचारा, आणि काही छोटे का होईना विकत घ्या किंवा वेळेचा मोबदला द्या. फणी, ताणा, धोटा, कांडी हे शब्द त्यांच्याकडून जसे ऐकाल तसेच लिहून घ्या, कारण गावागणिक थोडा फरक पडतो. एखादा काठ आवडला म्हणून त्याचा फोटो काढून तो छापील कापडावर वापरायचे मनात असेल, तर ते मनातून काढून टाका. महाविद्यालयात वाहवा होईल, पण पुढे तेच कापड कारखान्यातून स्वस्तात बाजारात येते आणि मागावरचे काम मार खाते.

कोसा मुळात कुठून येतो तेही जमल्यास पाहून घ्या. टसरची अळी तुतीच्या पानांवर वाढत नाही. ती ऐन आणि अर्जुन या झाडांवर, उघड्यावर वाढते आणि पाखरांपासून तिची राखण करावी लागते. पुढच्या पिकासाठी राखलेले कोश उन्हाळाभर माळा करून टांगून ठेवतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांतून पतंग बाहेर पडतात. म्हणजे तुमची सुट्टी आणि त्या किड्याची विश्रांती एकाच वेळी चालू आहे. गडचिरोली जिल्ह्यातले आरमोरी या कामासाठी ओळखले जाते आणि तुमच्याकडून ते फार लांब नाही. मात्र नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागण्यापूर्वी जाऊन या. २५ मेनंतर दुपारच्या एसटीत बसून अभ्यास होत नाही, डोके तेवढे उठते.

आता सिनेमाकडे वळू, आणि तो कापडापासूनच सुरू होतो. तुमच्या बहिणीने शालू किंवा करवतकाठी बाजूला ठेवून टिकल्यांचा चमकदार घागरा पसंत केला असेल, तर घरातली वडीलमंडळी त्याला हल्लीच्या पोरींचे खूळ म्हणतील. तुम्ही तसे लिहू नका, कारण शोधा. टसरचा पोत मंद आहे, त्याचा मधासारखा तपकिरी रंग दिवसाच्या उजेडात खुलतो, आणि आपल्याकडची लग्ने उन्हामुळे संध्याकाळी आणि रात्री लागतात. व्हिडिओवाल्याच्या प्रखर दिव्यासमोर मंद रेशीम सपाट आणि मळकट दिसते, तर टिकल्या आणि चमकीचे कृत्रिम कापड प्रत्येक हालचालीला उजेड परत फेकते. जो पोशाख एकदाच घातला जाणार आणि पुढे आयुष्यभर पडद्यावरच पाहिला जाणार, तो नवरी कॅमेऱ्यासाठी निवडते, यात मला तरी काही वावगे वाटत नाही. हे पडताळून पाहणे सोपे आहे. टसरचा एक तुकडा आणि चमकीच्या कापडाचा एक तुकडा शेजारी ठेवा आणि त्यांचे सकाळच्या उन्हात, भर दुपारी ओसरीच्या सावलीत, ट्यूबलाइटखाली आणि मांडवातल्या दिव्याखाली, त्याच अंतरावरून आणि त्याच मोबाईलने फोटो काढा. सगळे फोटो एका पानावर चिकटवले की फॅशन आणि सिनेमा यांचे नाते सांगायला वेगळा निबंध लागणार नाही.

याच मुद्द्याला धरून झाडीपट्टीच्या रंगभूमीचा एक धडा जोडता येईल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांच्या निमित्ताने रात्रभर नाटके चालतात आणि देसाईगंज, म्हणजे आपली वडसा, हे त्या मंडळींचे केंद्र आहे. या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. उन्हाळ्यात हंगाम नसतो ही तुमच्या दृष्टीने सोय आहे, कारण हंगामात ज्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते ते नट, वादक आणि पडदे रंगवणारे आता निवांत भेटतात. राजाचा अंगरखा एवढा भडक का, असे त्यांना विचारा. शेवटच्या रांगेत सतरंजीवर बसलेल्या माणसाला तो राजा आहे हे मध्यरात्रीनंतरही ओळखू आले पाहिजे, अशा अर्थाचे उत्तर बहुधा मिळेल. कॅमेरा नटाच्या नाकाशी येतो, त्यामुळे चित्रपटाच्या पोशाखात शिवणीचा दोरासुद्धा दिसतो. रंगमंचावर मात्र पोशाख दुरून वाचला जातो. वेशभूषेच्या अभ्यासक्रमात हा फरक शिकवतात, तुम्हाला तो घराजवळ पाहता येईल.

संगीताबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण इथे तुमचे कान माझ्या सल्ल्यापेक्षा उपयोगाचे आहेत. वरातीत बहुधा धुमाल असेल. नागपूरकडून सगळ्या विदर्भात आणि पार छत्तीसगडपर्यंत गेलेला हा ढोलताशांचा आणि कीबोर्डाचा दणदणाट दर्ग्यांच्या संदल मिरवणुकीशी नाते सांगतो आणि आज तो हळदीलाही वाजतो. त्याला कर्कश म्हणून सोडून देऊ नका. कोणत्या ठेक्याला बायका नाचायला उतरतात आणि कोणत्या ठेक्याला म्हातारे उठून जातात, एवढे टिपून ठेवा. त्याच घरात हळदीच्या दिवशी वयस्क बायका गाणी म्हणतील. ती आधी विचारून ध्वनिमुद्रित करा, आणि ओळी लगेच लिहून काढून गाणाऱ्या बाईंकडून तपासून घ्या, कारण महिन्याने निम्मे शब्द लागत नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सुरू केलेल्या कामातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आणि त्यांतल्या अनेक आज इंटरनेटवर ऐकता येतात. गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव ओवीबरोबर कसे नोंदवले आहे तेवढे तिथे पाहून घ्या, आपल्या वहीत तसेच करा.

एक गोष्ट लग्नाबाहेरची. तुमच्या भागात मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला निघालेल्या बायका पहाटे पाहा. साडीवर घरातल्या पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणे लावलेली, पदर कमरेला खोचलेला आणि डोक्याचेहऱ्याभोवती दुपट्टा. काट्यांपासून आणि उन्हापासून वाचायला हा पोशाख कोणा डिझायनरने आखला नाही, तो हळूहळू जमत गेला. शर्ट पुरुषाच्या मापाचा असल्याने खांद्याची शिवण दंडावर उतरते, हात वर करताना बाही अडते आणि खिसा पदराखाली दबून निरुपयोगी होतो. दोन-चार बायकांचे शर्ट त्यांच्या संमतीने मोजा, कुठे फाटले आहेत ते चितारा आणि त्याच कापडात, तेवढ्याच खर्चात एक सदरा गावातल्या शिंप्याकडून शिवून घ्या. तो एखाद्या बाईने दोन दिवस घालून नाक मुरडले, तर तिचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहा. या अवघ्या वहीत मला सर्वांत जास्त उत्सुकता त्या पानाची आहे.

प्रश्न : माझा मुलगा नागपूरला फॅशनचे शिक्षण घेतो. सुट्टीत वावरात काडीकचरा वेचायला आणि वखरणीला मदत करायची सोडून तो दिवसभर शिंप्याच्या दुकानात बसतो, रात्री मोबाईलवर जुने सिनेमे बघतो आणि हा अभ्यासच आहे असे सांगतो. फी भरताना माझा जीव मेटाकुटीला येतो आणि गावातले लोक विचारतात, पोरगा शिंपी होणार का. मी काय समजावे?
— एक शेतकरी, ता. दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : आपला मुलगा खरे सांगतो आहे. आणि शिंप्याच्या दुकानात बसणे हे त्यातल्या त्यात अधिक कसाचे काम आहे. सध्या लग्नसराई असल्याने त्या दुकानात दिवसाकाठी जेवढे निरनिराळे ब्लाउज बेतले जातात, तेवढे महाविद्यालयात एका सत्रात बेतले जात नाहीत. कटोरी आणि प्रिन्सेस कटमध्ये कापड किती लागते, अस्तर आधी का धुवून घ्यावे, बाईने माप एक दिले आणि अंगात दुसरे निघाले तर कुठली शिवण सोडायची, हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही. फक्त तो तिथे नुसता बसतो की काजेबटणे, हातशिलाई आणि उसवण्याचे काम हातात घेतो, एवढे शिंपीदादांना विचारून घ्या. हातात काम घेत नसेल, तर आपला राग रास्त आहे.

सिनेमे पाहण्याबाबतही तसेच. महाराष्ट्रातल्या मुलांना या क्षेत्रात जायचे तर एक नाव माहीत असावे, ते भानू अथय्या यांचे. १९२९ साली कोल्हापुरात जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या बाईंना १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासमवेत ऑस्कर मिळाले आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्या चित्रपटात बॅरिस्टराच्या सुटापासून पंचापर्यंतचा एका माणसाचा प्रवास कपड्यांतून दाखवायचा होता, शिवाय हजारोंच्या गर्दीला त्या त्या काळाचे कपडे घालायचे होते. आपल्या मुलाला तो चित्रपट आवाज बंद करून एकदा पाहायला सांगा, आणि कोणत्या वर्षी कोणी काय घातले आहे याची टिपणे मागा. टिपणे निघाली तर अभ्यास झाला, नाही निघाली तर करमणूक झाली. आपल्याला सिनेमातले काही कळत नसले तरी वही भरली आहे की कोरी, हे दिसतेच. अर्थात अशा एका यशाकडे बोट दाखवून आपल्या मुलाचेही भले होईल असा शब्द मी देणार नाही. या धंद्यात पहिली काही वर्षे पैसा कमी आणि राबणे जास्त असते, हे त्याला आणि आपल्यालाही माहीत असलेले बरे.

वावराचे काम त्याने टाळावे असे मात्र मी म्हणणार नाही, कारण यवतमाळच्या उन्हात पहाटेपासून नऊपर्यंतच काय ते काम होते आणि शिंप्याचे दुकान त्यानंतरच उघडते. दोन्ही जमण्यासारखे आहे. शिवाय कपाशीच्या घरातल्या मुलाला आपण असे काही शिकवू शकता, जे त्याच्या शहरी वर्गमित्रांना कोणी शिकवणार नाही. व्यापारी बोंडातला कापूस दोन्ही हातांच्या चिमटीत ओढून धाग्याची लांबी कशी पाहतो, ओला आणि कवडी म्हणजे किडका, डागाळलेला कापूस भाव का पाडतो, जिनिंगमधून सरकी वेगळी होऊन रुईच्या गाठी बांधल्या जातात तेव्हा त्यात काय काय मिसळलेले असते, हे त्याला दाखवा. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली ती कापूस पिकवणाऱ्या या मुलखाच्या जवळ राहण्यासाठीच. आता ती बंद आहे, आणि आपला मुलगा ज्या सुती कापडावर रेखाटने करतो त्याचे सूत कुठल्या राज्यात कातले गेले, हे त्याला कदाचित सांगता येणार नाही. सुट्टीत हे शोधून काढायला सांगा. लोकांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचेच झाले, तर शिंपी झाला तरी चांगला झाला पाहिजे, एवढे सांगून विषय बदलावा.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र दृश्यसंवाद डिझाइन शिकतो. सुट्टीत सेलू तालुक्यातल्या आमच्या गावात मोबाईलवर दहा मिनिटांचा लघुपट करायचा आहे. पैसे नाहीत. कपडे घरचेच वापरू. पार्श्वसंगीताला जुनी मराठी गाणी आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे एखादे खंजिरी भजन घ्यावे असे वाटते. चालेल का?
— तीन विद्यार्थी, जि. वर्धा

उत्तर : आधी चित्रीकरणाचे दोन शब्द. मे महिन्यात दहा ते चार या वेळेत बाहेर कॅमेरा काढू नका. सूर्य डोक्यावर असल्याने माणसांच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात आणि मोबाईलही तापून बंद पडतो. दुपारी ओसरीत, दाराकडे तोंड करून माणसाला बसवलेत तर फुकटात उत्तम उजेड मिळतो. संवाद घेताना कूलर आणि पंखा बंद करा, फोन विमान अवस्थेत ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी कोणीही न बोलता अर्धा मिनिट नुसता आवाज घेऊन ठेवा, जोडकामात, म्हणजे एडिटिंगमध्ये, तो तुकडे सांधायला लागतो. कपडे घरचे वापरणार हे चांगले, पण ज्या दृश्यात पात्र थकलेले दाखवायचे आहे तिथे इस्त्रीचा शर्ट घालून कोणी येऊ नये. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, जे १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झाले, चरखे आणि खादीच्या साधनांचे जुने नमुने आहेत. गोष्ट जुन्या काळातली असेल तर कपडे ठरवण्यापूर्वी तिथे एक चक्कर मारा.

गाण्यांचे प्रकरण एवढे सोपे नाही. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क ती प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षे टिकतो, आणि गीतकार व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. त्यामुळे तबकडी जुनी झाली म्हणून गाणे मोकळे झाले असे होत नाही. तुकडोजी महाराजांचे निधन १९६८ साली झाले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांवरचा हक्क २०२८ अखेरपर्यंत राहतो. वर्गात दाखवण्यापुरते कोणी अडवणार नाही, परंतु इंटरनेटवर किंवा स्पर्धेला पाठवताना लेखी परवानगी लागेल. त्यापेक्षा गावातल्या भजनी मंडळाला एका संध्याकाळी नुसता खंजिरीचा ठेका वाजवायची विनंती करा, शब्दांशिवाय. कोरड्या हवेत चामडे ताणलेले असल्याने आवाज चढा आणि टणक येतो, म्हणून मोबाईल खंजिरीपासून पाच-सहा हात लांब ठेवा आणि एकदा वाजवून, ऐकून मग खरे मुद्रण करा. वाजवणाऱ्यांना त्यांचा ठेका कुठे वापरणार आहात ते आधीच सांगा, आणि शेवटच्या नामावलीत तुम्हा तिघांच्या नावांआधी त्यांची नावे घाला.